डी ड्राइव्हमध्ये हे कोण घुसलं?

आपण बनवलेले नाहीत, नावं ओळखीची नाहीत आणि उडवायला गेलं की कॉम्प्युटर चक्क 'परवानगी नाही' म्हणतो! डी ड्राइव्हमध्ये अचानक दिसणाऱ्या या आगंतुक फोल्डर्सचं करायचं काय? डिलीट मारण्याआधी हे वाचाच.

पुण्यातल्या कुठल्याही घरातला कॉम्प्युटर उघडा. सी ड्राइव्हमध्ये काय? विंडोज. आणि डी ड्राइव्हमध्ये? अख्खं आयुष्य! गोव्याच्या ट्रिपचे फोटो, ताईच्या लग्नाची शूटिंग, पुरुषोत्तमच्या तालमींचे व्हिडिओ, आई-बाबांचे स्कॅन केलेले मेडिकल रिपोर्ट, फॉर्म सोळा आणि 'रेझ्युमे फायनल', 'रेझ्युमे फायनल टू', 'रेझ्युमे खरंच फायनल' अशी चढत्या भाजणीतली फाइल्सची रांग. सी ड्राइव्ह कंपनीचा, डी ड्राइव्ह आपला. हा आपला साधा हिशेब.

आणि मग एखाद्या दिवशी तुम्ही डी ड्राइव्ह उघडता आणि तिथे भलतेच लोक मुक्कामाला आलेले दिसतात. एकाचं नाव 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'. दुसऱ्याच्या नावाची सुरुवात डॉलरच्या चिन्हाने. तिसऱ्याचं नाव म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. उघडायला जावं तर दार बंद. उडवायला जावं तर नकार. पोटात गोळा येतो. व्हायरस? हॅकिंग? कुणी आपल्या मशिनमध्ये घुसलंय का?

मी काही इंजिनिअर नाही. मास कॉम करून आता फ्रीलान्स लिहिणारी मुलगी. पण आमच्या ग्रुपमध्ये 'तुला कळतं ना गं कॉम्प्युटरमधलं' ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडलेली आहे. त्यामुळे या फोल्डर्सबद्दलचे घाबरेघुबरे फोन मला अधूनमधून येतच असतात. शेवटी बसले आणि एकेकाची कुंडली मांडली. त्यातून जे हाती लागलं ते फारच इंटरेस्टिंग आहे. बहुतेक वेळा हे फोल्डर साव असतात. जास्त नुकसान होतं ते आपल्या घाईने. आणि ज्या डी ड्राइव्हच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो, तो भरवसाच मुळात जरा तपासून घ्यायला हवा.

डी ड्राइव्ह आला कुठून?

आधी थोडा इतिहास. सुरुवातीच्या पीसीवर 'ए' आणि 'बी' ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखीव होती. म्हणून हार्ड डिस्कला 'सी' मिळालं. फ्लॉपी गेली, पण अक्षर राहिलं. मग 'डी' कशाला? तर डॉसच्या आणि सुरुवातीच्या विंडोज ९५ च्या काळात फाइल्स ठेवायची जी पद्धत होती, तिला एका ड्राइव्हमध्ये दोन जीबीच्या वर जागा हाताळताच यायची नाही. हार्ड डिस्क मोठ्या होत गेल्या तशी त्यांची वाटणी करणं भागच पडलं. चार जीबीची डिस्क? करा दोन तुकडे!

नंतर ही अडचण सुटली, पण सवय सुटली नाही. कारण विंडोज ९८ वारंवार आजारी पडायचं. टिळक रोडवरून पार्ट घेऊन जोडलेला असेम्बल्ड पीसी घरी आला की जोडून देणारा दादा जाताना हमखास सल्ला द्यायचा : सी मध्ये काही ठेवू नका, सगळं डी मध्ये ठेवा. म्हणजे विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट मारायचा, डी तसाच्या तसा. सल्ला चांगलाच होता. पण त्यातून आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की डी ड्राइव्ह ही आपली खासगी खोली आहे आणि तिथे विंडोजला मज्जाव आहे.

विंडोजला मात्र हा मज्जाव कधीच मान्य नव्हता. त्याच्या दृष्टीने सी काय, डी काय, दोन्ही एकाच वाड्यातल्या खोल्या. वाड्याचा कारभारी प्रत्येक खोलीत आपली एखादी वही, एखादी केरसुणी ठेवणारच की!

आले नाहीत, दिसायला लागले

आता पहिला फंडा क्लिअर करून टाकू. 'अचानक आलेले' यातले बरेचसे फोल्डर अचानक आलेले नसतातच. ते पहिल्या दिवसापासून तिथे असतात. फक्त आपल्याला दिसत नसतात.

विंडोजमध्ये लपवाछपवीचे दोन पडदे असतात. पहिला साध्या लपवलेल्या फाइल्सचा. दुसरा जास्त जाड, 'संरक्षित सिस्टम फाइल्स'चा. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन त्या दुसऱ्या पर्यायावरची टिक काढली, की पडदा वर जातो आणि रंगमंचामागची सगळी मंडळी उघडी पडतात. ही टिक काढतं कोण? कधी पेनड्राइव्हमध्ये हरवलेले फोटो शोधताना भाऊ काढतो. कधी एखादा व्हिडिओ बघून आपणच काढतो. कधी दुरुस्ती करायला आलेला माणूस काढतो आणि परत लावायची विसरतो. जुनी हार्ड डिस्क नव्या मशिनला जोडली तरी तिच्यातला सगळा जुना संसार समोर येतो.

त्यामुळे असे फोल्डर दिसले की पहिला प्रश्न 'हे कुठून आले' हा नको. पहिला प्रश्न : पडदा कुणी वर केला? ती टिक परत लावा. फोल्डर गायब झाले तर निम्मं टेन्शन तिथेच संपलं.

ओळखपरेड

आता एकेकाची ओळख करून घेऊ.

*सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन.* सगळ्यात जास्त घाबरवणारा आणि सगळ्यात साधा. विंडोजचा 'सिस्टम रिस्टोअर' म्हणजे मशिन बिघडलं तर काही दिवस मागे नेण्याची सोय. त्यासाठी लागणाऱ्या जुन्या नोंदी याच फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. फाइल्सच्या 'सावली प्रती', पटकन शोधता यावं म्हणून केलेल्या नोंदी, असलं सगळं घरगुती सामान इथे असतं. दार बंद असतं ते आपण आत जाऊन उचकापाचक करू नये म्हणून. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत ही सोय सगळ्याच ड्राइव्हवर चालू असायची आणि ड्राइव्हची १२ टक्क्यांपर्यंत जागा खायची. म्हणजे ४० जीबीच्या डी ड्राइव्हमधले जवळजवळ पाच जीबी असेच गुल! आता तसं नाही. सिस्टम प्रोटेक्शनच्या खिडकीत जाऊन कुठल्या ड्राइव्हला किती जागा द्यायची ते आपण ठरवू शकतो. जागा हवी असेल तर तिथून कमी करा. फोल्डरशी कुस्ती खेळू नका. आणि हो, विंडोज ८ पासून हा फोल्डर पेनड्राइव्हवरही दिसतो. तो तिथे दिसला म्हणून पेनड्राइव्ह फेकून द्यायची गरज नाही.

*डॉलर रिसायकल बिन.* डेस्कटॉपवर कचऱ्याचा डबा एकच दिसतो, पण खरं तर प्रत्येक ड्राइव्हचा डबा वेगळा असतो. डी मधली फाइल डिलीट केली की ती सी मध्ये जात नाही, डी मध्येच या फोल्डरमध्ये जाऊन बसते. एक्सपीच्या काळात याचं नाव 'रिसायकलर' होतं, व्हिस्टापासून डॉलरवालं नाव आलं. आत 'एस-१-५-२१' अशी सुरू होणारी लांबलचक नावं दिसली तर दचकू नका. तो तुमच्या युजर अकाउंटचा नंबर. घरातल्या प्रत्येकाचा कचरा वेगवेगळा ठेवण्याची ती शिस्त आहे.

*एमएसओकॅश.* ऑफिस २००३ आणि त्यानंतरच्या काही आवृत्त्यांनी केलेली बेगमी. पुढे दुरुस्ती करायची वेळ आली तर सीडी शोधावी लागू नये म्हणून इन्स्टॉलेशनच्या फाइल्स बाजूला काढून ठेवल्या जायच्या. आणि ठेवायच्या कुठे? जिथे सगळ्यात जास्त जागा रिकामी असेल तिथे. सी भरलेला आणि डी मोकळा असेल तर आपोआप डी मध्ये!

*आकड्या-अक्षरांची खिचडी.* याचंही तेच. मायक्रोसॉफ्टचे अनेक जुने अपडेट आपलं गाठोडं सोडायला सगळ्यात मोकळा ड्राइव्ह निवडायचे, तिथे काहीतरी अगम्य नावाचा फोल्डर करायचे आणि काम झालं की तो उचलून न्यायचे. कधीकधी उचलायचे राहून जायचं. २००५ पासून येणारं मायक्रोसॉफ्टचं व्हायरस-सफाईचं टूलही असा एक तात्पुरता फोल्डर करतं. एकदा मशिन रिस्टार्ट करा. तरीही तो राहिला आणि आत त्या अपडेटच्याच फाइल्स असल्या, तर खुशाल उडवा. व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८ च्या इन्स्टॉलरने तर फोल्डर करण्याचेही कष्ट घेतले नव्हते. ड्राइव्हच्या दारातच फाइल्स पसरून ठेवल्या होत्या. ही चूक पुढे मायक्रोसॉफ्टने मान्यही केली.

*फाउंड.०००.* हा मात्र गंभीर चेहऱ्याचा पाहुणा. गुरुवारची दुरुस्ती म्हणून लाइट गेले, यूपीएसने मान टाकली आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडला, असं पुण्यात कुणाच्या घरी झालं नसेल? नंतर चालू करताना विंडोज डिस्कची तपासणी करतं. त्यात ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते या फोल्डरमध्ये टाकतं. आपली एखादी फाइल हरवलेली नसेल तर हा उडवायला हरकत नाही. पण लाइट गेलेले नसतानाही तो पुन्हा पुन्हा येत असेल, तर डिस्क थकली आहे. त्याच दिवशी सगळा डेटा दुसरीकडे हलवा. हा फोल्डर म्हणजे डॉक्टरने दिलेली चिठ्ठी समजा.

आणि हे फक्त जुन्या मशिनचं प्रकरण नाही बरं का. एप्रिल २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ वापरणाऱ्यांच्या सी ड्राइव्हमध्ये 'आयनेटपब' नावाचा रिकामा फोल्डर उगवला. हे नाव मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरचं. ज्यांनी आयुष्यात वेब सर्व्हर चालवला नाही त्यांच्याकडेही तो आला. रिकामा आहे म्हणून अनेकांनी तो उडवला. मग मायक्रोसॉफ्टने सांगितलं : उडवू नका, सुरक्षेतली एक फट बुजवण्यासाठी तो मुद्दाम ठेवलाय! म्हणजे रिकामा फोल्डरसुद्धा कधीकधी कामावर असतो.

'सगळं फॉरमॅट मारावं लागेल'

आता खराखुरा किस्सा. माझी एक मैत्रीण ग्राफिक डिझायनर आहे, कोथरूडला राहते. तिच्या लॅपटॉपला सी म्हणून छोटी एसएसडी आणि डी म्हणून एक टीबीची मोठी हार्ड डिस्क. एका सकाळी तिला डी मध्ये तीन नवे फोल्डर दिसले. 'विंडोजअ‍ॅप्स', 'डब्ल्यूपीसिस्टम' आणि तिसरा... चक्क तिच्याच नावाचा! पहिल्या दोघांची दारं बंद. तिची तर तंतरलीच. आपल्या नावाचा फोल्डर कुणीतरी बनवलाय म्हटल्यावर कुणाची तंतरणार नाही?

ती तडक लॅपटॉप घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथल्या माणसाने दोन मिनिटं पाहिलं आणि निदान सांगितलं, की व्हायरस आहे, दोन्ही ड्राइव्ह फॉरमॅट करावे लागतील. डी मध्ये तिचं चार वर्षांचं काम होतं. लोगो, ब्रोशर, क्लायंटच्या मूळ फाइल्स. दुसरी कॉपी कुठेच नाही. तिने दुकानाबाहेर येऊन मला फोन केला.

मी तिला एवढंच करायला सांगितलं, की त्या फोल्डरवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज उघड आणि तो कधी बनला ती तारीख बघ. तारीख होती आदल्या रविवारची. आणि रविवारी काय केलं होतं? सी ड्राइव्ह भरला म्हणून तिच्या भावाने सेटिंगमध्ये जाऊन 'नवीन अ‍ॅप्स आणि डॉक्युमेंट्स कुठे सेव्ह करायची' याचं उत्तर सी ऐवजी डी करून दिलं होतं. बास! विंडोज १० पासून ही सोय आहे आणि ती वापरली की हे फोल्डर डी मध्ये येतातच. तिच्या नावाचा फोल्डर तिच्याच डॉक्युमेंट्ससाठी होता. कुणी घुसलं नव्हतं. घरच्याच माणसाने किल्ली दिली होती.

ते फोल्डर नको असतील तर मार्गही साधा आहे. ज्या सेटिंगमधून ते आले तिथूनच अ‍ॅप्स परत सी वर हलवायची. हाताने ओढाताण केली तर अ‍ॅप्स बंद पडतात.

या किश्श्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. तीन निरुपद्रवी फोल्डर चार वर्षांच्या कामाला हात लावू शकले नसते. एका 'फॉरमॅट'ने मात्र ते दहा मिनिटांत संपलं असतं. त्यामुळे कुणीही 'फॉरमॅट' हा शब्द उच्चारला, की आपण एकच विचारायचं : डेटा आधी बाहेर काढून देणार का? उत्तर 'नाही' आलं तर मशिन उचला आणि चालू लागा.

खरा चोर कसा ओळखायचा?

म्हणजे सगळेच फोल्डर साव? नाही ना! चोराला ठाऊक असतं की पोलिसाच्या वेशात फिरलं की कुणी अडवत नाही. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'कॉन्फिकर' या वर्मने हेच केलं. पेनड्राइव्हवर तो 'रिसायकलर' नावाचा फोल्डर करायचा, आत लांबलचक नंबरचा दुसरा फोल्डर, त्यात स्वतः लपायचा. सोबत 'ऑटोरन' नावाची छोटी फाइल. पेनड्राइव्ह लावला की समोर खिडकी यायची आणि तिच्यात फोल्डरचं ओळखीचं चित्र लावून लिहिलेलं असायचं, 'फाइल्स पाहण्यासाठी फोल्डर उघडा'. तुम्ही विश्वासाने क्लिक करायचात आणि फोल्डरऐवजी वर्म सुरू व्हायचा. झेरॉक्सचं दुकान, कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, ऑफिस असा पेनड्राइव्हचा प्रवास आठवा, म्हणजे असली पिडा गावभर कशी पसरत असेल ते कळेल. मायक्रोसॉफ्टने २००९ च्या विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टासाठीही तसा अपडेट पाठवला.

या लढाईत आपलं पुणं अगदी आघाडीवर होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकर यांनी १९९३ मध्ये पुण्यात 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनमध्ये व्हायरस सापडायचे. मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय त्यावर प्रोग्रॅम लिहायला लागले. त्यातून १९९५ मध्ये 'क्विक हील' आलं. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात गेली. दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झालेला हा प्रवास! त्या टेबलाचा धडा आपल्यालाही लागू आहे : आधी बघायचं, ओळखायचं, मग हात घालायचा.

चोर ओळखायच्या काही खुणा आहेत. पेनड्राइव्हवर 'रिसायकलर' आणि 'ऑटोरन' जोडीने दिसले तर शंका घ्या, कारण साध्या पेनड्राइव्हला कचऱ्याचा डबा नसतोच. (यूएसबीला जोडलेल्या मोठ्या हार्ड डिस्कला असतो, तिथे घाबरू नका.) फोल्डरचं चित्र आहे पण प्रकार 'अ‍ॅप्लिकेशन' दाखवतोय, तर तो फोल्डर नाही, सोंग आहे. आपले सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झाले असतील, तर मूळ फोल्डर लपवलेले असतात, गेलेले नसतात. अशा वेळी क्लिक न करता आधी अँटिव्हायरस चालवा. आणि नाव सिस्टमचं पण स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे, हा तर जुनाच झोल.

डब्यातलं कुणीतरी वाचेल

आता मुद्दा तुमच्या-माझ्या खासगी गोष्टींचा. जॉब बदलला, अप्रेझल बरं झालं, नवा लॅपटॉप घेतला. जुना कुणाला तरी विकून टाकायचा. विकण्याआधी काय करतो आपण? सी फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकतो, डी मधल्या फाइल्स सिलेक्ट ऑल करून डिलीट मारतो. झालं साफ!

नाही झालं. डी च्या त्या डॉलरवाल्या फोल्डरमध्ये तुमच्या जुन्या अकाउंटच्या नावाने एक कप्पा आहे. नवं विंडोज टाकल्यावर तुमचा नंबर बदलतो, त्यामुळे जुना कप्पा डेस्कटॉपवरच्या डब्यात दिसतही नाही. पण तो तिथेच पडून असतो. आत फाइल्सची नावं बदललेली असतात इतकंच, सोबतच्या छोट्या फाइलमध्ये मूळ नाव, मूळ पत्ता आणि डिलीट केल्याची वेळसुद्धा लिहिलेली असते. सॅलरी स्लिप, पासपोर्टचा स्कॅन, जुन्या नात्यातले फोटो... ज्याला शोधायचं त्याला ते फार कठीण नाही. म्हणून मशिन हातातून जाण्याआधी फक्त सी नाही, सगळे ड्राइव्ह पुसा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'रीसेट धिस पीसी' करताना सगळ्या ड्राइव्हमधला डेटा काढण्याचा आणि ड्राइव्ह नीट पुसण्याचा पर्याय मिळतो. वेळ जास्त लागतो. लागू दे.

डी म्हणजे बॅकअप नव्हे!

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच. ओळखीतल्या लोकांना मी विचारते, 'बॅकअप आहे का?' उत्तर ठरलेलं : 'हो, डी मध्ये टाकलंय ना!'

अहो, बऱ्याच मशिनमध्ये सी आणि डी या एकाच हार्ड डिस्कच्या दोन खोल्या असतात. मधली भिंत कागदी असते. विंडोज बिघडलं तर डी वाचतो, हे खरं. पण डिस्कच मेली तर? लॅपटॉप स्वारगेटच्या बसमध्ये राहिला तर? बॅगेतला पाण्याचा डबा सांडला तर? तेव्हा सी आणि डी एकत्रच जातात. मे २०१७ मध्ये गाजलेल्या 'वॉनाक्राय'ने तर एकही भिंत मानली नाही. तो सगळ्या ड्राइव्हमधल्या फाइल्सना कुलूप लावायचा आणि सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमधल्या त्या सावली प्रतीही आठवणीने पुसून टाकायचा. पाठीमागचं दारही बंद!

म्हणून जगभर वापरला जाणारा ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक आणि क्लाउडवर एक. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायची, कायम जोडून ठेवायची नाही. खर्च किती? बाहेर दोन-तीन वेळा जेवायला जातो तेवढ्यातही सुरुवात होते, कारण सगळा डी ड्राइव्ह वाचवायचा नसतोच. सिनेमे परत मिळतात. आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग परत मिळत नाही.

डिलीटआधीचे पाच प्रश्न

१. पडदा वर आहे का? सिस्टम फाइल्स लपवायची टिक परत लावून पाहा.

२. फोल्डर कधी बनला? तारीख बघा आणि त्या दिवशी आपण काय इन्स्टॉल केलं, कुठली सेटिंग बदलली ते आठवा.

३. आत काय आहे? दार बंद असेल तर जबरदस्तीने मालकी घेऊ नका. नाव शोधा, मायक्रोसॉफ्टची माहिती वाचा.

४. अँटिव्हायरस काय म्हणतो? अपडेट करून पूर्ण स्कॅन होऊ द्या, मगच निर्णय.

५. महत्त्वाचं दुसरीकडे आहे का? नसेल तर आधी कॉपी, नंतर बाकी सगळं.

एक तारीखही देऊन ठेवते. ३१ मार्च हा २०११ पासून 'वर्ल्ड बॅकअप डे' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी सगळे इयर एंडच्या गडबडीत, इन्व्हेस्टमेंट प्रूफ आणि टार्गेटच्या मागे. पण वर्षभराचा हिशेब लावायला बसलाच आहात, तर अर्धा तास डी ड्राइव्हलाही द्या. त्यात राहणाऱ्या अनोळखी मंडळींना त्यांचं काम करू द्या आणि आपल्या माणसांचे फोटो मात्र आणखी दोन ठिकाणी ठेवा.